स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवावा की जेपीजीत? माझा अनुभव

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल अ‍ॅपवर आपल्या पिकाची नोंद स्वतः करायची सोय, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून आमच्या देवगडच्या वाडीत दर हंगामाला एकच प्रश्न असतो: पुढे काय दाबायचं? नुसत्या पानावरून कलम ओळखणारे बागायतदार अ‍ॅपमध्ये गट क्रमांक निवडायची वेळ आली की माझ्या पडवीत हजर. म्हणून प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट घेऊन, त्यावर लाल गोल काढून एक छोटी पुस्तिका करायला घेतली.

माझा फोन तेव्हा स्क्रीनशॉट जेपीजीत साठवायचा. (जेपीजी आणि पीएनजी हे चित्राच्या फाइलचे दोन प्रकार.) ते कापले, गोल काढले, खातेदाराच्या नावावर काळी पट्टी मारली (पट्टी भरीवच हवी, पुसट केलेलं नाव कधीकधी वाचता येतं) आणि ग्रुपवर टाकले. शेजारच्या तात्यांचा लगेच फोन: "झिला, ह्यां माका वाचूक येना नाय!"

लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. काळ्या अक्षरांच्या कडेने राखाडी ठिपक्यांची घाण साचली होती. 'आंबा'वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटला होता आणि माझ्या लाल गोलाची कड गुलाबी होऊन पसरली होती. कारण सरळ आहे. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपीजी पद्धत मुळात छायाचित्रांसाठी आहे. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा आणखी ढोबळ ठेवते. आंब्याच्या पानोळ्यात ते कुणाच्या लक्षात येणार? पण पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे सगळा खेळ कडेचा, आणि आपल्या लिपीत तर मात्रा, वेलांट्या, टिंबं. शिवाय कापा, साठवा, गोल काढा, पुन्हा साठवा, असं केलं की दर वेळी थोडं आणखी जातं. ती जेपीजी नंतर पीएनजी म्हणून साठवली तरी गेलेलं परत येत नाही; फाइल फक्त फुगते.

म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीनशॉटचा प्रकार पीएनजी केला (सगळ्या फोनांत ही सोय नसते) आणि सगळे नव्याने घेतले. जीआयएफ या जुन्या चित्रप्रकाराच्या पेटंटच्या कटकटीतून १९९६ च्या सुमारास जन्मलेलं हे पीएनजी एकही पिक्सेल टाकत नाही. तरी एकाच रंगाचे मोठे पट्टे असलेला फॉर्म त्यात छान आवळला जातो, म्हणजे फाइल लहान होते. १०८० बाय २४०० चा स्क्रीनशॉट काहीच न आवळता ठेवला तर पावणेआठ एमबी होतो. माझे फॉर्मचे स्क्रीनशॉट पीएनजीत काहीशे केबीत बसले.

अडलं ते एकाच पानावर. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायची पायरी! सगळा पडदा कलमाच्या पानांनी भरलेला, पीएनजी कित्येक एमबींची. ते एक पान मात्र जेपीजीत, शंभरपैकी ९० च्या दर्जाला ठेवलं. तिथे वाचायचं असं फारसं नव्हतंच.

वेबपी हा चित्राच्या फाइलचा आणखी एक प्रकारही करून पाहिला. त्यातला काही न गमावणारा प्रकार पीएनजीपेक्षा लहान होतो आणि मला मनापासून आवडला, पण झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर उघडेना. छापायचं तिथेच, म्हणून विषय संपला.

राहिलं पाठवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र पुन्हा आवळलं जातं, मग पीएनजी असून उपयोग काय? डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल जशीच्या तशी पोचते. पीडीएफ करतानाही सेटिंग बघावं लागलं, कारण काही प्रोग्रॅम आतली चित्रं गुपचूप जेपीजी करतात. आता मूळ पीएनजी वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. अ‍ॅपचा पडदा बदलला की तेवढंच पान नवं घालतो.