मे महिना, मच्छरजाळी आणि आमची वाम

पाणी गार ठेवायला पंखा लावायचा तर टँक वरून उघडा पाहिजे, आणि ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, पाळायची तर टँक वरून गच्च बंद पाहिजे. जळगावात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा म्हटलं की सगळं गाडं शेवटी इथे येऊन अडतं. मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा गेला, म्हणून लिहितोय, इकडचं कोणी धुळ्यात-भुसावळात असा विचार करत असेल तर त्याचा तरी उन्हाळा वाचेल.

आधी प्राणी कोणता ते सांगतो. स्नोफ्लेक मोरे ईल. पांढरट अंग, त्यावर काळे नक्षीदार ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यात पिवळे शिंतोडे, तोंड पांढरं आणि नाकपुड्या म्हणजे दोन पिवळ्या बारीक नळ्या पुढे आलेल्या. मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आणली, तेव्हा वीतभरच होती. खोकं उघडलं तेव्हा आजी शेजारीच बसलेली. आजीचं माहेर चोपड्याकडचं, तापीकाठचं. तिने चष्मा वर केला, पिशवीत बघितलं आणि म्हणाली, "हाई ते वाम शे!" तेव्हापासून घरात तिचं नाव वामच. तापीतली वाम खरं तर ईल नाही, तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते आणि तिचं कूळच वेगळं. पण लांबट अंग, दगडाखाली लपायची सवय, रात्री बाहेर पडणं हे सगळं आजीने नदीत बघितलेलं होतं आणि तेच कामाला आलं. पहिल्या दिवशी मी काचेजवळ बसून ती दिसत नाही दिसत नाही करत होतो तेव्हा आजीनेच सांगितलं की तिला लपायला जागा दे, आपोआप तोंड काढंल. मी तीन पीव्हीसी पाईपचे तुकडे दगडांखाली सरकवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका पाईपातून पांढरं तोंड बाहेर. तोंडाची सारखी उघडझाप चालू होती, आई घाबरली की चावायला बघतेय का काय. चावत नाही, ती श्वास घेते तसा. ह्या माशांना तोंडाने पाणी आत ओढून कल्ल्यांवरून सोडावं लागतं.

दगडांचं पण एक सांगून ठेवतो. दुकानात कोणी कोरल किंवा कोरलचे दगड दाखवले तर घेऊ नका, कोरल आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मी सिरॅमिकचे दगड वापरलेत, काम तेच होतं, बॅक्टेरियाला बसायला जागा मिळाली की झालं. आणि टँक लावल्या लावल्या मासा टाकायचा नाही, अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसायला चार-सहा आठवडे लागतात. हे सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून मी पुढे जातो.

आता झाकण. सगळे म्हणतात मोरे ईल टँकमधून उडी मारते, सुसाईड करते. मला हा शब्दच पटत नाही. ती मरायला बाहेर येत नाही, तिच्यासाठी पाण्याच्या बाहेर येणं हा कामाचा भाग आहे. ह्या स्नोफ्लेक ईलचं मुख्य खाणं खेकडा आणि कोळंबी, तिचे दात पण बोथट, फोडायचे. आणि खेकडा काय पाण्यातच थांबत नाही, तो खडकावर चढतो, मग ही पण मागे जाते. मासे सहसा तोंड एकदम फाकवून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात, म्हणजे पाणी नसेल तर गिळणार कसं? मोरेचं तसं नाही, तिच्या घशात दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्याने पकडलं की घशातला जबडा पुढे येतो, घास धरतो आणि मागे ओढून नेतो. हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराईट ह्यांनी २००७ मध्ये दाखवलं, आणि पुढे २०२१ मध्ये मेहतांच्याच अभ्यासात स्नोफ्लेक ईल पाण्याबाहेर येऊन तिथेच गिळू शकते हे पण सिद्ध झालं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या झाकणाकडे बघून धडकी भरली.

कारण माझं झाकण अ‍ॅक्रिलिकचं होतं आणि फिल्टरचा पाईप जायला कोपऱ्यात दोन बोटांची खाच. एप्रिलमध्ये एका रात्री दीडच्या सुमारास टक टक असा आवाज आला, मी मोबाईलचा टॉर्च मारला तर खाचेतून तिचं तोंड आणि साधारण चार बोटं अंग बाहेर, आणि डोकं एकदा डावीकडे एकदा उजवीकडे करत हवेत काहीतरी शोधत होती. त्या पिवळ्या नळ्या थरथरत होत्या. तिला दिसतं कमी, सगळा कारभार वासावर. संध्याकाळी मी कोळंबी सोलली होती आणि तो हात पुसलेला फडका झाकणावरच राहिला होता. मी फडका उचलला, दोन मिनिटात ती आपोआप मागे सरकली. त्या रात्री खाचेत स्पंज कोंबला आणि झाकण चारी बाजूंनी क्लिपांनी दाबून टाकलं.

झाकण बंद झालं आणि पाणी तापायला लागलं. ह्या ईलला पाणी २४ ते २७ डिग्री पाहिजे. जळगावात मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३७-३८ काहीच विशेष नाही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी. एका दुपारी टँकचं थर्मामीटर ३१.५ दाखवत होतं आणि वामीची तोंडाची उघडझाप नेहमीच्या दुप्पट वेगाने चाललेली. कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पाण्यावर मारले की पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना गारवा देतं, माठाचं आणि कूलरचं जे तत्त्व तेच. आपली हवा इतकी कोरडी आहे की ही युक्ती मुंबईपेक्षा इकडे कितीतरी चांगली चालते, दमट हवेत पाणी कमी उडतं. पण त्यासाठी पाण्याचा पृष्ठभाग उघडा पाहिजे, आणि उघडा ठेवला की वाम फरशीवर.

उपाय शेवटी खिडकीकडे बघून सुचला. मच्छरजाळी. अ‍ॅल्युमिनियमची चौकट नको, खाऱ्या वाफेने ती खाऊन जाते आणि लोखंडाचं तर नावच नको. पीव्हीसी पट्टीची चौकट, त्यात नायलॉनची जाळी ताणून बसवलेली, चौकट काचेच्या आतल्या बाजूला एक इंच खाली उतरते आणि वरून क्लिपा. पाईप आणि वायरी जिथून जातात तिथे जाळीला कात्री लावून भोवती स्पंज शिवला, हो, सुईदोऱ्याने शिवला, आईने शिवून दिला. वाम डोक्याने जाळी ढकलून बघते अजून, रोज रात्री, पण जाळी हलत नाही. पंख्यांनी ३१ चं २८ होतं. त्या खाली यायचं तर चिलरच, म्हणजे पाणी गार करायचं मशीन, आणि चिलरला एका बऱ्या फ्रिजपेक्षा जास्त पैसे पडतात. मी दिवाळीनंतर घेतला. पैसे नसतील तर थांबा, पण ईल आधी आणि चिलर नंतर असा माझ्यासारखा क्रम करू नका.

आणि पंख्याने एक नवीनच प्रकरण काढलं. माझा टँक चार फुटी, अडीचशे लिटर. मे महिन्यात त्यातून रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं. मी एका लग्नाला नाशिकला चार दिवस गेलो, आईला सांगून गेलो की पाणी कमी झालं की खुणेपर्यंत भर. आईने मला पाणी बदलताना मीठ कालवताना बघितलं होतं, म्हणून तिने बादलीत आरओचं पाणी घेऊन लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने काट्यावर मोजून, अगदी माझ्यासारखं, मीठ कालवून रोज भरलं. तिची काही चूक नाही, मीच सांगितलं नव्हतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं बिनमिठाचं पाणीच घालायचं असतं. मी आलो तेव्हा वाम पाईपातून बाहेरच येत नव्हती, कोळंबी नाकाशी नेली तरी नाही. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये थेंब टाकून उजेडाकडे धरला, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जागी १.०२८. आईचा चेहरा असा झाला की मला टँकपेक्षा तिचीच काळजी वाटायला लागली. आजी पलंगावरून म्हणाली, "पानी कितलं उडी गयं ते देख ना आधी." बरोबरच होतं. मीठ एकदम उतरवायचं नसतं, म्हणून रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं गोडं पाणी घातलं, चार दिवस लावून १.०२५ वर आणलं. पाचव्या दिवशी आईनेच चिमट्यात माकूलचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा धरला आणि वामीने येऊन तो घेतला. पहिल्यांदा चिमट्याला नाक घासलं, मग तुकड्याला, मग कडेने धरून मागे गेली. आई हसली पण डोळे भरले होते तिचे.

आता टँकच्या कडेला खुणेची काळी टेप आहे आणि शेजारी दोन कॅन, एकावर मार्करने 'रोजचं' आणि दुसऱ्यावर 'बदलायचं'. काढलेलं खारं पाणी मोरीत जातं, कुंडीत कधीच नाही, एक जास्वंद त्यात गेली आमची.

खाण्याचं थोडं. रोज देऊ नका, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. आणि फक्त कोळंबी-कोळंबी करू नका, काही कोळंबीत आणि माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं आणि महिनोन्महिने तेच दिलं तर ईल हळूहळू खंगते. खेकडा, माकूल, कोळंबी आलटून पालटून. टँकमध्ये रोग आला म्हणून दुकानदार तांब्याचं औषध देईल, ते घालायचं नाही, हिच्या अंगावर खवले नसतात, नुसती बुळबुळीत कातडी, तांबं तिला सोसत नाही.

लाईट गेली की चिलर बंद, इन्व्हर्टरवर पंखे आणि एअर पंप चालतात. फ्रीझरमध्ये दोन लिटरच्या चार बाटल्या बर्फ करून कायम ठेवलेल्या असतात, झाकण घट्ट लावून अख्खी बाटली टँकमध्ये तरंगत सोडायची, फोडायची नाही. परवा दुपारी दोन ते साडेपाच लाईट नव्हती. बाटली तरंगत होती आणि वाम पाईपातून निघून त्या बाटलीखाली येऊन पडून राहिली, शेपूट फक्त पाईपात. आजी खुर्ची ओढून काचेसमोर बसली आणि लाईट येईपर्यंत हातपंख्याने जाळीवर वारा घालत राहिली.