अपघाताची चौकशी आणि ‘गोपनीय’ शिक्का

कारखान्यातल्या अपघाताची फाईल वकील म्हणून माझ्यासमोर सल्ल्यासाठी येते, तेव्हा बहुतेक वेळा तिच्या प्रत्येक पानावर लाल शाईत ‘गोपनीय – वकिलांसाठी’ असा शिक्का मारलेला असतो. प्रथमोपचाराच्या रजिस्टरची झेरॉक्स, मशीनचे मेंटेनन्स कार्ड, इतकेच काय, त्या शिफ्टचा हजेरीपटसुद्धा त्यातून सुटत नाही. एवढे केले की यातले काहीही न्यायालयात मागता येणार नाही, अशी व्यवस्थापनाची प्रामाणिक समजूत असते. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे खरोखर जपायला हवेत ते कागदही संशयाच्या भोवऱ्यात सापडतात.

कायदा संरक्षण देतो ते वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला, घडलेल्या घटनेला नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाने व्यावसायिक नात्याने सांगितलेली गोष्ट किंवा त्याला दिलेला सल्ला त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही, आणि कलम १३४ अशिलालाही असेच संरक्षण देते. मात्र प्रेस मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेले संरक्षक कवच, काढून ठेवलेला होता की नाही, ही वस्तुस्थिती वकिलाला पत्राने कळवली म्हणून गुप्त ठरत नाही. सुपरवायझरला साक्षीच्या वेळी तो प्रश्न विचारता येतोच.

इंग्लंडमधला ‘वॉ विरुद्ध ब्रिटिश रेल्वेज बोर्ड’ हा १९७९ सालचा निवाडा मी सेफ्टी ऑफिसरांना आवर्जून सांगतो. रेल्वेचा एक कर्मचारी इंजिनांच्या टकरीत दगावला आणि त्याच्या पत्नीने भरपाईच्या दाव्यात अंतर्गत चौकशीचा अहवाल मागितला. हा अहवाल बोर्डाच्या सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलाच्या, माहितीसाठी आहे, असे त्याच्या माथ्यावरच नमूद होते. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो द्यायला लावला, कारण अपघाताचे कारण शोधून पुढची सुरक्षितता साधणे हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा हेतू होता आणि दाव्याची तयारी हा प्रमुख हेतू ठरत नव्हता. मला हा निकाल मनापासून न्याय्य वाटतो. साक्षीदारांचे ताजे जबाब त्याच अहवालात होते. आपला माणूस कसा गेला, हे त्या बाईंना दुसरीकडून कुठून कळणार होते?

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन फायली वेगळ्या ठेवाव्यात, असा माझा आग्रह असतो. कायद्याने द्यावयाची अपघाताची सूचना, मोजमापे, फोटो, मूळ कारणाचा शोध आणि केलेल्या सुधारणा एका फाईलमध्ये राहाव्यात, आणि ती लपवण्याचा विचारही करू नये. दुसऱ्या फाईलमध्ये बाहेरच्या वकिलाला विचारलेले प्रश्न आणि दायित्वाविषयीचे त्याचे मत एवढेच असावे. बाहेरचा वकील असे मुद्दाम म्हणतो, कारण ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या पगारी विधी सल्लागाराला कलम १३२ चे संरक्षण मिळत नाही, असे स्पष्ट केले आहे. वकिलाचे मत सेफ्टी कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तर ते गोपनीय होते असे नंतर कोणत्या तोंडाने सांगणार?

एका गोष्टीकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. वकील स्वतः कामगाराचा जबाब घेतो, तेव्हा समोरच्याला वाटते की हे साहेब आपल्यासाठीच आले आहेत. हाताला बँडेज बांधलेला, खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेला माणूस मग मन मोकळे करतो. पण या बोलण्याला मिळणारे गोपनीयतेचे संरक्षण कंपनीचे असते, त्या कामगाराचे नव्हे, आणि ते सोडायचे की नाही हेही कंपनीच ठरवते. म्हणून वही उघडण्याआधी मी सांगतो, “दादा, मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही. तुम्हाला स्वतःचा वकील करायचा असेल, तर आपण आज थांबू.”