तुम्ही विचारलंत म्हणून: घरासाठी कुठली करवत घ्यावी?

बाल्कनीत बसून एखादं पुस्तकांचं शेल्फ करायचं, तर कुठलं छोटं कटिंग मशीन घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. विचारतानाच बहुतेकांच्या मनात चार इंची मार्बल कटर ठरलेला असतो. स्वस्त आहे, लहान आहे, आणि फर्निचरला घरी आलेले सुतारही त्याला लाकडाचं पातं बसवून सर्रास प्लाय कापतात.

तो घेऊ नका. मी दोन वर्षं तोच वापरला, म्हणून सांगतोय. मार्बल कटर फरशीसाठी केलेला. मिनिटाला १२,००० किंवा जास्तच फेरे, आणि पात्याची खालची बाजू कायम उघडी. फरशी घासून कापली जाते. लाकडात दात रुततात. १८ एमएमचा प्लाय दोन स्टुलांवर टेकवून मी मधोमध कापत होतो. प्लाय मध्येच वाकला, कापलेली चीर मिटली, पातं आवळलं गेलं आणि आख्खं मशीन माझ्या अंगावर उसळलं. डाव्या मांडीवर पँट वीतभर फाटली, कातडीवर फक्त लाल रेघ उठली. बटण सुटलं होतं तरी पातं फरशीवर खरखरत फिरत होतं. तो आवाज मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून वॉट नंतर, आधी गार्ड, म्हणजे पातं झाकणारं कव्हर, बघतो. लाकडाच्या सर्क्युलर सॉला, म्हणजे गोल पात्याच्या करवतीला, खालून स्प्रिंगचा गार्ड असतो. दुकानात, प्लग न लावता, तो मागे ओढून सोडा. टक् करून मिटला पाहिजे. रेंगाळला तर दुसरं मशीन दाखवायला सांगा. शिवाय अंगठ्याखालचं लॉक दाबल्याशिवाय ट्रिगर हलता कामा नये. सात इंची मशीन घरात जड जातं. ८५ एमएम पात्याचं मिनी सर्क्युलर १८ एमएम प्लायला पुरतं.

पण आयुष्यातलं पहिलंच मशीन असेल, तर जिगसॉ घ्या. पातं वरखाली चालतं, तसं उसळून अंगावर येत नाही. सरळ रेघेसाठी पट्टी क्लॅम्प करावी लागते आणि वेळ लागतो, तो लागू द्या. फळीखाली पातं उघडंच असतं, तिथे बोटं नकोत.

गॉगल आणि मास्क हवेतच. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ घालू नका. धागा अडकला तर हात ओढला जातो.

स्टुलं मी कायमची बंद केली. आता जमिनीवर थर्माकोलची जाड शीट पसरतो, तिच्यावर प्लाय, चांगली बाजू खाली. सर्क्युलर सॉचं पातं प्लायच्या खाली जेमतेम ५ एमएम उतरेल एवढंच ठेवतो. थर्माकोल वरच्यावर चिरला जातो, चीर मिटत नाही, आणि कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून असतात.