यंदाचा मे आणि साडेसहा किलो रातांबे

दहा दिवस झाले गावाहून येऊन, तरी नखांच्या कडेचा लाल रंग अजून गेला नाहीये. काल भांडी घासताना लक्ष गेलं आणि इतकं बरं वाटलं की हात पुसून तशीच लिहायला बसले, कारण नाही लिहिलं तर जूनमध्ये शाळा-डबे-ऑफिस सुरू झालं की हे सगळं मागे पडतं, दरवर्षी पडतं.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरामागे आगर. माड, पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ आणि मिरीचे वेल, कडेला आंबे-फणस आणि विहिरीच्या बाजूला रातांबे. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. झाडावर असेपर्यंत आम्ही त्याला रातांबा म्हणतो, वाळला की आमसूल, आणि खाली मालवणकडे गेलात की भिरंड. लहानपणी मे महिना म्हणजे हे सगळं आपोआप मिळायचं, त्यात आभार मानण्यासारखं काही असतं हे कधी डोक्यातच आलं नाही.

ते आलं २०२० मध्ये. लॉकडाऊनमुळे त्या वर्षी आम्ही कोणीच गावी गेलो नव्हतो, आई-बाबा दोघंच होते. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि आमचा सगळा पट्टा त्याच्या तडाख्यात आला. दुपारी बाबांचा फोन आला, "कौलं उडतायत, ठेवतो" एवढंच म्हणाले, आणि मग चार दिवस काहीच नाही. लाईट नाही, टॉवर नाही, रस्त्यावर झाडं पडलेली त्यामुळे कोणी जाऊन बघून येईल म्हणावं तर तेही नाही. मी पुण्यात त्या चार दिवसांत किती वेळा नंबर लावला असेल मोजलं नाही. चौथ्या दिवशी बाबा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून रेंज मिळते तिथपर्यंत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गेले आणि म्हणाले, "आम्ही दोघं बरी आहोत. आगर गेलं."

५३ पोफळी आणि ११ माड. विहिरीजवळचे रातांबे सगळे, मुळासकट. आजोबांच्या हातचा एक हापूस. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे होते आणि पोफळ काय किंवा माड काय, हाताला काही लागायचं म्हणजे पाच-सात वर्षं तरी जातातच, त्यामुळे मला खरंच वाटलं की आता ते काही लावणार नाहीत. पण जुलैत त्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कोकम अमृताची, म्हणजे त्यांच्या 'कोकण अमृता' जातीची (बाबा अजून कोकम अमृताच म्हणतात), चार कलमं आणून लावली. मी विचारलं कलमंच का, आपल्याकडे तर बिया टाकल्या की उगवतात. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी नीट समजावून सांगितलं, की रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं, बी लावली तर फुलं येईपर्यंत काही कळत नाही, सहा-सात वर्षं पाणी घालायचं आणि मग कळायचं की हा नर आहे, याला फळ धरणारच नाही. मादी झाडाची काडी घेऊन बांधलेलं कलम असलं की ती काळजी नाही.

आणि मग मला बेड्याजवळच्या, म्हणजे कुंपणाच्या फाटकाजवळच्या म्हाताऱ्या झाडाचा उलगडा झाला. आमच्या बेड्याशी एक रातांबा आहे त्याला मी जन्मात फळ बघितलेलं नाही. आजी त्याला वांझ म्हणायची, दर दोन वर्षांनी तोडायची भाषा व्हायची आणि आजोबा तोडू द्यायचे नाहीत. तो नर होता. त्याच्यावाचून बाकीच्यांना फळ धरलं नसतं. वादळात अर्धा शेंडा मोडला पण झाड राहिलं.

तर चार कलमांपैकी तीन जगली आणि यंदा, २०२५ च्या मेमध्ये, त्यातल्या दोन झाडांना पहिल्यांदा नीट मोजण्याइतकं फळ आलं. बाबांनी आकडीने एकेक फांदी खाली वाकवली, खाली मी आणि लेक टोपली धरून, हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, मानेवरून पाठीत चाललेले तरी कोणी हललं नाही. काट्यावर साडेसहा किलो भरलं. बाबांनी दोनदा वजन केलं. पहिला रातांबा देवाजवळ ठेवला, दुसरा बेड्याजवळच्या झाडाच्या बुंध्याशी, बोलले काहीच नाहीत.

आत्या चिपळूणहून आली होती. ७७ वर्षांची आहे, पंच्याहत्तरीच्या पुढे एसटीला तिकीट नाही तेव्हापासून तिचं माहेरपण वाढलंय आणि त्याचा आम्हा सगळ्यांना फायदा. आमसुलं तिच्याच देखरेखीखाली व्हायची हे ठरलेलं. सकाळी चहा झाला की पडवीत ती पाटावर, विळी पुढ्यात, बाजूला घमेलं आणि रोवळी. रातांबा धुऊन पुसून कोरडा केलेला हवा, ओला चालत नाही. विळीवर अर्धा फिरवायचा आणि बोटांनी उघडायचा, आत लसणीच्या पाकळ्यांसारख्या बिया दाटीने बसलेल्या आणि त्यांच्याभोवती तो गुळगुळीत आंबटगोड गर. अंगठा आतून फिरवला की सगळं एकदम रोवळीत पडतं आणि हातात राहते लालजांभळी वाटी. आत्याचा अंगठा एकदाच फिरतो. माझा तीनदा फिरायचा आणि तरी एखादी बी राहायची, मग ती न बोलता माझ्या हातातून घ्यायची आणि काढून परत द्यायची.

रोवळीतून खाली गळलेल्या रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवायच्या, मग उन्हात. दुसऱ्या दिवशी परत रसात, परत उन्हात. याला पूट देणं म्हणतात. आत्या सात पुटं देते. प्रत्येक पुटाला साल अजून काळी होत जाते आणि अंगणातून जाताना वास येतो, आंबट-खारट, तोंडाला पाणी सुटतंच. बिया वेगळ्या वाळवायच्या, त्याचं आई मुठेल काढते, कुटून पाण्यात उकळलं की वर तेल येतं ते गोळा करून थंड झालं की मुठीत वळायचं. थंडीत माझ्या भेगा पडलेल्या टाचांना दरवर्षी तेच लागतं. आईने लहानपणी माझ्या टाचांना लावलं तसं मी आता लेकीच्या लावते, म्हणजे दोन पिढ्यांच्या टाचा विहिरीजवळच्या त्या झाडांनी सांभाळल्यात, आणि ती झाडं पडल्यावर पाच वर्षं आम्ही मुठेल विकत आणलं.

मधे चार दिवस माझी कॉलेजची मैत्रीण आली मुलाला घेऊन. ती नागपूरची, आंबट म्हटलं की तिच्याकडे चिंच. तिने झाडाखाली उभ्या उभ्या एक पिकला रातांबा सालीसकट चावला, डोळे घट्ट मिटले आणि मग न विचारता दुसरा घेतला. येताना ती डबा भरून गव्हाच्या कुरडया घेऊन आली होती, तिच्या आईने मार्चमध्ये गच्चीवर घातलेल्या. त्या दिवशी आमच्याकडे रस होता, आईने कुरडया तळल्या आणि आम्ही कोकणातली माणसं पहिल्यांदा आमरसात कुरडई बुडवून जेवलो. बाबांनी पाच खाल्ल्या! आत्या म्हणाली हे आधी का नाही कोणी सांगितलं. जाताना मैत्रिणीला सरबताची बरणी दिली, ताज्या सालीच्या वाट्यांत साखर भरून थरावर थर लावलेली, आणि सांगितलं की आठवडाभर नागपूरच्या उन्हात ठेव, तुझ्याकडे ऊन कमी पडायचं नाही.

दुपारी सगळे पडवीत आडवे. भावाची पोरं आणि माझी लेक आठळ्या भाजायला चुलीशी. संध्याकाळी समुद्रावर, परत आलं की विहिरीवर पाय धुवायचे, आई हाका मारतेय, सोलकढी गाळून ठेवलीये. एका संध्याकाळी मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसले होते आणि आतून सगळ्यांचे आवाज येत होते, आत्या आणि आई मीठ जास्त झालं की कमी यावर बोलत होत्या, भाऊ पोरांना ओरडत होता, आणि मला एकदम भरून आलं. हे सगळे आहेत. सगळे एका घरात आहेत आणि मला प्रत्येकाचा आवाज ओळखू येतोय. मी तिथेच हात जोडले, देवाला म्हणा, झाडांना म्हणा, बाबांनी त्या जुलैत खड्डे खणले त्याला म्हणा.

१९ तारखेला आम्ही निघालो तेव्हा पाच पुटं झाली होती. स्वारगेटला उतरेपर्यंत मांडीवर बरणी होती, लेक झोपलेली. आणि दोन-तीन दिवसांत तिकडे पाऊस सुरू झाला, थांबायचं नावच नाही. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून यंदा २५ मेलाच कोकणात पोचला. कितीतरी जणांची आमसुलं अंगणात राहिली, झाडावरचे रातांबेही गेले, ऐकून पोटात तुटतं कारण अनेक घरांत वर्षाची मीठमिरची त्यावर निघते.

आमच्याकडे काय झालं असेल म्हणून मी फोन करणार इतक्यात बाबांचाच आला. म्हणाले, काळजी करू नको, पहिल्या ढगाला आत्याने सगळी उचलायला लावली, आता माजघरात पंख्याखाली पसरलीयत, दोन पुटं राहिली ती राहिली. मग म्हणाले कलमं छान उभी आहेत. आणि मग म्हणाले, "थांब, ऐक."

फोन त्यांनी पागोळ्यांकडे धरला असणार. मागून आत्या ओरडत होती की भिजेल तो, आत घ्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले, बराच वेळ, कौलांवरचा पाऊस आणि मधूनच बाबांचा खोकला.