पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही

उन्हाळी कला मेळ्याला पहिल्यांदा गेले, तेव्हा तिसऱ्याच स्टॉलवर एक चित्र घेऊन टाकलं. घरी नीट बघितलं, तर सगळीकडे बारीक ठिपके. यंत्रावर काढलेली प्रत होती. प्रती विकण्यात गैर काही नाही, पण मला ती ‘मूळ चित्र’ म्हणून दिली होती. त्याचं वाईट वाटलंच, आणि त्या घाईत पुढचे कितीतरी कलाकार बघायचे राहिले, याचं जास्त.

यंदा ठरवून गेले, मेळा उघडता उघडता. पहिली फेरी नुसती बघण्याची. दुसऱ्या फेरीत जिथे पाय रेंगाळले होते तिथेच जायचं आणि विचारायचं, ‘हे कसं केलंत?’ स्वतःच्या हातांनी केलेला माणूस या प्रश्नाने खुलतो, हे मी त्या दिवशी दहा ठिकाणी पाहिलं.

लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा ठोकळा कोरून हाताने छपाई करणाऱ्या एका काकांच्या चित्राखाली पेन्सिलने ४/१८ लिहिलं होतं. म्हणजे अठरा प्रतींपैकी चौथी. एक रंग छापला की तोच ठोकळा आणखी कोरायचा आणि त्यावर पुढचा रंग, अशी त्यांची पद्धत. त्यांनी ठोकळा हातात दिला. शेवटच्या काळ्या रंगापुरत्या चार रेघा उरल्या होत्या. ‘कागद आधीच मोजून घ्यावे लागतात. मागे फिरता येत नाही,’ ते म्हणाले.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो सायनोटाइपच्या, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळी चित्रं छापण्याच्या टेबलापाशी. सगळे सावली शोधत होते आणि या ताईंनी टेबल मुद्दाम उन्हात मांडलं होतं. लोहाच्या क्षारांचा लेप दिलेला हिरवट-पिवळा कागद, त्यावर नेच्याचं पान, वर काच. मी विचारलं, ‘किती वेळ ठेवायचं?’

‘घड्याळ नाही बघत मी, कागद बघते. राखाडी-तपकिरी झाला की उचलायचा.’

उचलला आणि पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. पिवळट पाणी सुटत गेलं आणि नेच्याचं एकेक दल पांढरं होऊन वर आलं, भोवती निळा रंग. ही पद्धत इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षीपासून वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी शेवाळांची छायाचित्रं अशीच छापली, हे ताईंनी कागद हलवता हलवता सांगितलं. प्रत्येक चित्रामागे पेन्सिलने तारीख, वेळ आणि आभाळ कसं होतं ते लिहिलेलं. एकावर ‘ढग, वारा’ होतं, आणि त्यातल्या पानाची एक कड हलून धूसर झाली होती. तेही मला फार आवडलं.

‘रंग टिकेल ना?’

‘थेट उन्हात टांगू नका. फिका पडलाच, तर काही दिवस अंधारात ठेवा. बराचसा परत येतो.’

माझ्यासमोर झालेलं नेच्याचं चित्रच मी घेतलं. वाळेपर्यंत तिथेच बसले. मग दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून त्यांनी ते बांधून दिलं. ‘उद्या बघा, आणखी गडद होईल,’ त्या म्हणाल्या. सकाळी उठून आधी पुठ्ठा उघडला. नेच्याभोवतीचा निळा खरंच रात्रीत खोल गेला होता.