नदीचा लांबछेद हाताने काढताना

लांबछेद म्हणजे उगमापासून खाली जाताना नदीची उंची कशी घटते याचा आलेख. सरावाला महाबळेश्वरची जोडी घ्या: कृष्णा आणि सावित्री. दोघींचा उगम एकाच पठारावर, पण कृष्णा वाईमार्गे पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघते, तर सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. दोन्ही छेद एकाच प्रमाणात एकाच कागदावर काढा.

१:५०,००० टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) २ सेंमी म्हणजे १ किमी. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. नदीची निळी रेघ ज्या ज्या रेषेला छेदते तिथे खूण करा. डिव्हायडर २ मिमी उघडा (जमिनीवर १०० मीटर) आणि वळणावळणाने चालवा. कंटाळून ५ मिमी उघडलात तर वळणे कापली जातात, लांबी घटते आणि उतार फुगतो. सावित्रीच्या कड्यावर रेषा एकमेकींना चिकटतात. तिथे १०० मीटरच्या जाड रेषाच मोजा. आडवे प्रमाण १ सेंमीला १ किमी, उभे १ सेंमीला १०० मीटर ठेवले की उंची दहापट ताणली जाते. हे आलेखावर लिहाच, नाहीतर बघणाऱ्याला साधा उतारही कडा वाटतो.

उतारातला बदल आकड्यात पकडायला अमेरिकी भूवैज्ञानिक जॉन हॅक यांचा निर्देशांक: उतार गुणिले उगमापासूनची लांबी. ४०० मीटरमध्ये नदी २० मीटर खाली उतरते, आणि तुकड्याचा मध्य उगमापासून ८,००० मीटरवर: २० ÷ ४०० × ८,००० = ४००. शेजारच्या तुकड्यांपेक्षा आकडा एकदम चढला, की तिथे थांबा.

छेदात तिथे पायरी दिसेल, पण लगेच ‘भ्रंश’ (खडक तुटून सरकल्याची रेषा) लिहू नका. ही घाई फार दिसते. कृष्णेवर धोमचा जलाशय सपाट पायरी दाखवतो, ती धरणाची. उपग्रहावरून मोजलेल्या, ३० मीटरच्या चौकटीला एकच आकडा देणाऱ्या उंचीत अरुंद घळीचा तळ काठाच्या उंचीत मिसळतो, मग सॉफ्टवेअर खड्डे भरते आणि सपाटीनंतर खोटा धबधबा उभा राहतो. उरलेल्या बहुतेक पायऱ्या मला बेसाल्टच्याच वाटतात: वर कठीण थर, खाली सच्छिद्र किंवा तांबडा मऊ थर. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्याने शेजारच्या ओढ्यांतही त्याच उंचीवर पायरी सापडते. मात्र पायथ्याची पातळी (नदी जिथे जाऊन मिळते तिथली उंची) खाली गेल्यावर झिजेमुळे उगमाकडे सरकत आलेल्या पायऱ्याही सारख्या उंचीवर येऊ शकतात. तेव्हा पायरीच्या वरचा आणि खालचा खडक प्रत्यक्ष पाहा. तो दोन्हीकडे सारखाच निघाला, तरच पातळी बदलल्याचा विचार करा.