न फळलेला नवस

नवस फळला की फेडायचा असतो. माझा फळला नव्हता. तरी ८ सप्टेंबर २०२२ला, गुरुवारी, पहाटे पाचला मी वाळूजमध्ये पायी दिंडीत जाऊन उभी राहिले. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन ड्रेस, टॉवेल, पार्लेचे पुडे आणि सवयीने टाकलेली सुई-दोऱ्याची डबी. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. डबी जवळ नसली की मला अनवाणी बाहेर पडल्यासारखं वाटतं.

नवस बोलले होते एप्रिल २०२१मध्ये, एका दवाखान्याच्या पार्किंगमधल्या कठड्यावर बसून. नवरा वर व्हेंटिलेटरवर, आम्हा नातेवाइकांना आत सोडत नव्हते. संध्याकाळी एकजण कागद घेऊन खाली यायचा आणि नावं वाचायचा. ज्याचं नाव आलं त्याच्या माणसाने वर जायचं. नाव येऊ नये म्हणून आम्ही सगळेच मान खाली घालून बसायचो, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे. तिथेच मतमाउलीला, म्हणजे येशूच्या आईला, मारियेला म्हटलं, ह्यांना घरी आण, मी हरेगावला चालत येते. अकराव्या दिवशी नाव आलं. दफनाला मोजकी माणसं. फादरांची प्रार्थना त्या पीपीई किटमधून, मास्कमधून अर्धीच ऐकू आली.

मागे राहिले मी, नववीतली मुलगी आणि बिलासाठी घरावर काढलेलं कर्ज.

माझं माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट. वडील शाळामास्तर. रविवारी पेटी काढून नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायचे. आमच्या घरी मारियेपुढे मेणबत्ती लावायची पद्धत नव्हती. लग्न होऊन कॅथलिक घरात आले तेव्हा जपमाळ सासूबाईंनी शिकवली. म्हणजे मतमाउली माझी सासरकडची. त्यामुळे तिच्याशी भांडणही सासरच्या माणसाशी असतं तसंच झालं. तोंडावर काही बोलायचं नाही, मनात मात्र धरून ठेवायचं. दीड वर्ष मी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जात होते, मागच्या बाकावर बसत होते, आणि सगळे गुडघे टेकायचे तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

ऑगस्टमध्ये दिंडीवाल्या बायका झेंडे शिवायला घेऊन आल्या. निळं-पांढरं कापड, चाळीस नग. कोरोनामुळे दोन वर्षं गर्दीची यात्रा भरली नव्हती, त्यामुळे यंदा उत्साह भारी. पैसे द्यायला आल्या तेव्हा एकीने सहज विचारलं, "तुम्ही येताय का?" मी हो म्हटलं. बहुतेक जाब विचारायलाच निघाले होते.

ज्यांना हरेगाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रीरामपूर तालुक्यातलं गाव. एकेकाळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे गजबजलेलं. आता कारखाना बंद, पण खंडकऱ्यांच्या, म्हणजे कंपनीला खंडाने जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांच्या, जमिनींच्या गोष्टी अजून पारावर चालतात. तिथल्या संत तेरेजा चर्चच्या आवारात ८ सप्टेंबरच्या, म्हणजे मारियेच्या जन्मदिवसाच्या आसपास, शनिवार-रविवार बघून मतमाउलीची यात्रा भरते. नगर, नाशिक, मराठवाडा, सगळीकडून माणसं येतात. बरीचशी आमच्यासारखी, मोलमजुरी करून खाणारी. वाळूजहून आमच्या रस्त्याने पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. यात्राच म्हणतात तिला, पण तीन दिवस पाय घासल्यावर मी तिला वारीच म्हणते.

पुढे क्रूस, मागे पिकअपमध्ये मूर्ती, मूर्तीशेजारी जनरेटर आणि कर्णा. नगर हायवेवर ट्रक अंगाला हवा मारून जातात. झेंडा धरला असला तर माणूस फिरकीसारखा वळतो. अंतर आम्ही किलोमीटरने मोजत नव्हतो, माळेने मोजत होतो. एक जपमाळ संपली की साधारण दीड किलोमीटर झालेले असतात. इसारवाडी फाट्यापर्यंत मी तोंडाने 'नमो मारिया' म्हणत होते आणि मनात तिला सुनावत होते. दोन्ही एकदम जमतं, बायकांना तर फारच छान जमतं.

फोन होता कंबरेच्या पाकिटात, सायलेंटवर. तो तिथे थरथरायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. हप्त्यावाल्यांचा नंबर. चार हप्ते थकले होते. आधी उचलायचे, रडायचे, मुदत मागायचे. मग उचलणंच सोडलं. नंबर बदलून यायचा म्हणून कुठलाच अनोळखी फोन उचलेना, त्यात दोन गिऱ्हाइकं गेली.

कायगाव टोक्याला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. त्या वर्षी पाऊस चांगला होता, जायकवाडीचा फुगवटा पार काठापर्यंत. गोदावरी तिथे नदी वाटतच नाही, समुद्रासारखी आडवी पसरलेली. पाण्याकडे बघत बसावं म्हटलं तर पायांनी बोंब मारली. माझ्याच नव्हे, सगळ्यांच्या. आणि तिथे माझी डबी बाहेर निघाली.

चालून आलेला फोड फोडायचा नसतो. सुई मेणबत्तीवर लाल होईपर्यंत धरायची, थंड होऊ द्यायची, पांढरा दोरा ओवायचा, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढायची. दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंनी बोटभर शेपट्या सोडायच्या. पाणी दोऱ्याने झिरपत राहतं, कातडी जागेवर राहते, सकाळी पाय टेकवता येतो. डॉक्टर ऐकतील तर रागावतील. ही विद्या मला शिकवली लासूरच्या मावशींनी, दिंडीत सगळ्यात जुन्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात बाभळीची काठी, पायांत प्लास्टिकची चप्पल. मी दोन पाय केले, मग रांगच लागली. मोबाइलच्या उजेडात त्या रात्री एकवीस पाय शिवले. कुणाच्या टाचेला माती, कुणाच्या बोटाला जुनं कुरूप, एका पोराच्या तळव्यावर दोन इंचाचा फोड. तो म्हणाला, "काकू, पिको नका करू, नुसता फॉल लावा." दीड वर्षात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

दुसरा दिवस लहान. पूल ओलांडून प्रवरासंगम, मग नेवासा फाटा, तिथून आत नेवासे. पण तो शुक्रवार अनंत चतुर्दशीचा होता. रस्त्याने गणपतीच गणपती. एका मंडळाच्या पोरांनी आम्हाला अडवून चहा पाजला; त्यांच्यातल्या एकाने आमच्या मूर्तीवर गुलाल टाकला, ड्रायव्हर पुसायला लागला तर मावशी म्हणाल्या, "राहू दे, तिचाही कालच वाढदिवस झालाय."

मंगल कार्यालयात मुक्काम. शुक्रवार म्हणून संध्याकाळी क्रुसाची वाट घेतली, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांची, स्थानांची, प्रार्थना. बाहेर विसर्जनाची मिरवणूक, डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरतायत, आणि आत आमचे कॅटेकिस्ट, धर्मशिक्षक, घसा ताणून चौदा स्थानं वाचतायत. चौथ्यापर्यंत मला अक्षर ऐकू आलं नाही. मग बाहेर गाणं बदलायला क्षणभर थांबलं आणि तेवढ्यात पाचवं स्थान आलं. शिमोन कुरेनेकर. येशूचा क्रूस उचलायला शिपायांनी त्याला वेठीला धरलं.

वेठीला. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझ्या पणजोबांना गावकीत वेठीला धरायचे. लाकडं फोड, निरोप ने, मेलेलं ढोर ओढ. ख्रिस्ती झाली आमची माणसं ती त्यातून सुटायला. आणि शिमोन काही पुण्य करायला आला नव्हता. शुभवर्तमानात मार्क लिहितो, तो शेतावरून येत होता. दमला असेल, घरी जेवायचं असेल. त्याने नवस केला नव्हता, त्याला कुणी विचारलं नव्हतं, मोबदला ठरला नव्हता. खांद्यावर ठेवलं आणि चल म्हणाले. तो चालला. त्याला धीर होता असं कुठेच लिहिलेलं नाही. भक्ती होती असंही नाही. नुसता चालला, आणि दोन हजार वर्षं त्याचं नाव घेतलं जातंय.

बाहेर पुन्हा डीजे सुरू झाला. मी गुडघ्यावर होते. कधी टेकले कळलं नाही. फोडांमुळे उभं राहवत नव्हतं हेही खरं.

शनिवारी पहाटे मावशींनी उठवलं. "नेवाशात आलोय तर खांब बघून येऊ." पैस खांब. शके १२१२ला, म्हणजे १२९०मध्ये, ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. आमच्यातले एकदोघे कुरकुरले, आपल्याला काय करायचंय तिकडे. मी गेले. वडील वर्गात पसायदान म्हणून घ्यायचे, आणि घरी येऊन टिळकांचं भजन. त्यांना त्यात कधी अडचण वाटली नाही. खांबापाशी आम्ही दोघी जरा वेळ बसलो. मावशींनी जपमाळ काढली नाही की हात जोडले नाहीत. म्हणाल्या, "पोरका होता गं तो. आईबापांना गावाने जगू दिलं नाही." एवढंच. मग काठी टेकून उठल्या.

टाकळीभानच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि पाकीट थरथरलं. मी काढून नंबर बघितला, परत ठेवला. पुन्हा थरथरलं.

"कुणाचा?" मावशी.

"हप्त्यावाल्याचा."

"मग उचल की."

"काय बोलू? पैसे नाहीत."

"ते त्याला माहिताय. तू कुठंय ते माहीत नाही, म्हणून करतोय."

मला वाटलं होतं त्या म्हणतील माउलीवर सोपव, प्रार्थना करू. मी उचलला. पलीकडे कोवळ्या आवाजाचा मुलगा होता, फोन उचलला गेला म्हणून तोच गडबडला. मी म्हटलं, मी हरेगावच्या यात्रेला चालत निघालेय, सोमवारी येते, एक हप्ता आणते, बाकीच्याचं बसून बोलू. तो म्हणाला, "अकराला या मॅडम, तेव्हा साहेब असतात." दीड मिनिट. ज्याला मी सहा महिने घाबरत होते ते दीड मिनिटाचं काम होतं. फोन ठेवला तेव्हा हात कापत होते आणि ब्लाउज घामाने चिकटला होता. मावशींनी त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि पुढच्या माळेला सुरुवात केली.

हरेगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रेटारेटी, चिखल, पाळणे, रेवड्यांचे ढीग, मेणबत्त्यांचे गठ्ठे, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा कर्णा. नाव पुकारलं की आता लोक धावत पुढे जात होते, पोरगं उचलून आणत होते. मी बराच वेळ त्या कर्ण्याखालीच उभी राहिले. कशासाठी ते सांगता येणार नाही.

मूर्तीपुढच्या रांगेत दोन तास गेले. काय बोलायचं ते मी वाळूजपासून पाठ करत आले होते. चांगलं मोठं होतं, तारखा-वारांसकट. पण माझी पाळी आली तशी मागून लाट आली, स्वयंसेवक "चला ताई, चला" म्हणाला, आणि माझ्या वाट्याला आले चार-पाच सेकंद. मी तिच्याकडे बघितलं. "आले मी," एवढंच म्हटलं. मेणबत्ती लावली ती वाऱ्याने विझली. शेजारच्या बाईने तिच्या ज्योतीवर परत पेटवून दिली.

रविवारची मिस्सा झाली, एसटीने परत. तीन दिवसांची वाट दोन-अडीच तासांत उलगडून गेली. खिडकीतून प्रत्येक फाटा ओळखत होते.

सोमवारी अकराला त्या ऑफिसात गेले. दुसरा मजला, लिफ्ट नव्हती. पायात अजून दोरे होते. एकेक पायरी, आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. मधल्या वळणावर टेकायला थांबले तेव्हा वरून एक जोडपं खाली येत होतं. बाईने पदर तोंडाला लावलेला. नवरा भिंतीकडे बघत होता. मी बाजूला सरून त्यांना वाट दिली, आणि उरलेल्या नऊ पायऱ्या चढले.